चौदावा दिवस

बाहेर शेहेचाळीस पूर्णांक दोन.
मेडिकल चौकात डांबर चपलेला धरून ठेवतं.
पेटीच्या आत सदतीस,
मे असो की डिसेंबर.
इथल्या हिशेबानं थंडच म्हणायचं.

आत हेडाऊंचं रक्त आहे, दोन थेंब,
पाकासारख्या घट्ट द्रवात,
म्हणजे जी पेशी जिथं पडली
तिथंच तिनं संसार मांडायचा.
आजाराच्या रकान्यात 'मज्जा' लिहिताना
पहिल्या वर्षी मला हसू यायचं.

चाळीसच्या वर पेशी जमल्या तर कॉलनी.
त्याखाली नुसता पुंजका.
मला बेसा रोडकडचे ले-आऊट आठवतात:
चुन्याच्या रेघा, खुंट्या,
कमानीवर नगराचं मोठ्ठं नाव
आणि आत दोन घरं, एक बकरी.

शेजारची बशी माझी.
तुलनेला कुणीतरी निरोगी लागतं
आणि त्या सकाळी दुसरं कुणी बाही वर करेना.
माझ्या पेशींना काही लाजच नाही.
लालबुंद घोस, एकमेकांवर रेललेले,
जसं लग्नघर.
ती मी आधी मोजून बाजूला सारली.

त्यांची तीनदा मोजली.
कॉलन्या तीन.
पुंजके एकशे बारा.
एकशे बारा ठिकाणी
सुरू करून सोडून दिलेलं.
याचा अर्थ मला माहीत आहे.
अर्थ लिहायचा रकाना माझा नाही.

मंगळवारी ते खिडकीशी आले होते,
टांडापेठेहून, पुतण्याच्या स्कूटीवर,
डोक्याला ओला दुपट्टा.
दोन पायऱ्यांनी दम लागलेला.
"काय म्हणून राहिली जी आमची बशी?
डॉक्टर म्हणते थांबा. थांबतो.
पण मागावर नवा ताणा लावाचा हाय,
बारा लुगड्यांचा.
तीन महिने जाते त्याले.
लावू का नको, तेवढंच सांगा."
मी म्हटलं, चौदा दिवस तरी होऊ द्या.
"चौदा दिवसांत त
दोन लुगडे होते माह्यावाले."

आज चौदावा.
मधेच वीज गेली,
इन्व्हर्टरनं आवंढा गिळला,
पेटीवर छत्तीस पूर्णांक नऊ,
मग पुन्हा सदतीस.
आकडे लिहिले. सही केली.
लिफाफा वर पाठवला.
काम झालं की बशा पिवळ्या पिशवीत जातात,
कुणाची कुठली, तिथं विचारत नाहीत.
दोन्ही टाकल्या.

दुपारी पुतण्या आला, एकटाच.
रिपोर्ट डॉक्टरांकडे गेला, मी म्हटलं.
काका नाही आले?

"कायले येते ते.
परवापासून ताणा लावून राहिले ना.
बाराचा नाही म्हणते आता.
अठराचा."