गाठ

दाभोळच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या मागच्या भिंतीला
एक राखाडी पेटी. आत तळहाताएवढा बोर्ड,
त्यात लिनक्स, हाडं दिसेपर्यंत खरवडलेलं.
खाली खांबाला बांधलेला सेन्सर
पाच महिने दर मिनिटाला पाण्याची उंची सांगतोय.
ऐकलेली कुणी नाही.

कर्नलला विचारलं तर म्हणतो,
दोन सिरियल पोर्ट सापडले. दोन.
डेव्हमध्ये बघते तर नाव एकाचंच.
म्हणजे माणूस गावात आहे, घर आहे, चूल पेटते आहे,
फक्त मतदारयादीत नाही.

उस्मान होडेकर खुर्ची ओढून बसले,
मांडीवर फाटका पाग.
एकतीस वर्षं त्यांनी इथली पट्टी वाचली,
खांबावर रंगवलेली, फूट-इंचांची,
आणि वहीत उतरवली. भांगाला शाईने, उधाणाला पेन्सिलीने.
का, ते तेव्हा विचारलं नाही.

"काय राहिलंय?"
म्हटलं, एक गाठ.
कॉलेजात नोडला कुणी गाठ म्हटलं नव्हतं,
पण समोर जाळं दुरुस्त करणारा माणूस असताना
दुसरा शब्द तोंडात येईना.

गाठीत काही नसतं, काका.
एक नाव, दोन आकडे. वजन शून्य.
थोरला सांगतो कुठल्या वाडीत शिरायचं,
धाकटा सांगतो कितवं घर.
वाडी चार, घर चौसष्ट.
एंटर.

आणि पडद्यावर माझंच बोलणं मला परत आलं.
चौसष्ट म्हणजे ज्या दारात मी बसले होते तेच दार.

पुसलं. चार, पासष्ट. वेग शहाण्णवशे.
काहीच नाही.
धोपाव्याहून फेरी टेकली, फळी आपटली,
दोन रिक्षा आणि बर्फाचा टेम्पो उतरला,
मग एक ओळ आली.
२.३१
मग
२.३१
मग
२.३२

उस्मानकाका उठले, कठड्यावरून वाकले.
"सात फूट सात," म्हणाले. "भरतंय."
मी मनात गुणाकार केला.
बोटाचाही फरक नव्हता.

मग परवानग्या. सहा, सहा, शून्य.
धन्याने वाचावं, लिहावं. गटाने वाचावं, लिहावं.
बाकीच्यांना काही नाही.
"बाकीचे म्हणजे आम्ही?"

सांगितलं: एका तारेला दोघांनी कान लावला
की अंक वाटून जातात,
तुमच्याकडे दोन, माझ्याकडे एकतीस,
पाणी कुणालाच कळत नाही.
ते दोरा दातात धरून बराच वेळ गप्प.
"मग ऐकू दे की एकालाच.
पण वही बाहेर ठेव.
आमची वही खिडकीत असायची, दोरीने बांधलेली.
होडी काढणारा बघून जायचा."

तसंच लिहिलं. ऐकणारा एक.
वही सहा, चार, चार.

सव्वाचारला लाइट गेली.
आली तेव्हा गाठ नव्हती.
इथलं डेव्ह मेमरीत उभं, प्रत्येक अंधारानंतर कोरं;
मला हे माहीत होतं, आणि तरी.
उस्मानकाका हसले नाहीत. पागाचा घेर पुढे धरला,
बोटाने दाखवत गेले:
ही कालची. ही परवाची. ही गेल्या शिमग्यातली, बघ, अजून आहे.

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ओळ घातली,
आणि वर, माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी, शेरा:
वाडी चार, घर पासष्ट. इथे पाणी राहतं.

स्विच स्वतःच दोनदा बंद केला, दोनदा लावला.
२.८४

निघताना शाईचं विचारलं.
"उधाणाला शाई पसरते. शिंतोडे खिडकीपर्यंत येतात."
पेटीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.
"हातभर वर घे ही."