अंटु

कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून त्रेचाळीस बाटल्या आणल्या,
कॉफीच्या, जॅमच्या, कसल्याशा प्रोटीनच्या,
तीन रुपयांना एक, झाकणासकट.
कारळ्याची चटणी भरायची होती.
पण आधी दुसऱ्याचं नाव काढायचं.

कागदाचं सोपं असतं.
रात्रभर सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवला
की सकाळी आपणच सुटून तरंगतो,
हसरं पोर, सोनेरी कप, किंमत सर्व करांसह.
राहतो तो डिंक.
धुतला की पांढरा, वाळला की परत चिकट,
बोटाला सांगत राहतो, मी आहे.

सुरीनं खरवडलं. काचेवर ओरखडे.
तारेची घासणी. ओरखड्यांवर ओरखडे.
ह्यांच्या स्कूटरमधलं पेट्रोल चिंधीवर घेतलं,
डिंक गेला,
पण पहिल्या घाण्याच्या चटणीला
गॅरेजचा वास.

तेव्हा परसातल्या भिंतीपलीकडून नीलव्वा,
माग थांबवून आलेली, कानात अजून खटखट,
म्हणून ओरडूनच बोलायची:
"काय करालीस गे शेवंता? बाटली काय पाप केली?"
आणि मग तिच्या भाषेत,
"नीर ब्याड. एण्णी हच्च."
पाणी नको. तेल लाव.

बोटभर शेंगतेल, त्यात चिमूट राख.
गोल गोल. घाई नाही.
पंधरा मिनिटं उन्हात, तोवर आपण चहा प्यायचा.
चहा हाच औषधाचा मुख्य भाग, असं तिचं मत.
मग अंटु वळ्या होऊन सुटतो,
सुट्टीत पोराच्या मानेवरचा मळ सुटावा तसा.

अंटु म्हणजे डिंक.
वडगावात राहून मला आता हाच शब्द आधी सुचतो.
नंटु म्हणजे नातं, हे तिनं पुढच्या चहाला सांगितलं.
अंटु नंटु, जोडीनंच म्हणतात आमच्यात.
तुमच्यात?
मी खूप शोधलं. सोयरेधायरे म्हटलं.
तिला ते काहीतरी खायचं वाटलं.

नवी लेबलं छापायला गेले तर छापखान्यात वाद,
कुठली ओळ वर, कुठली खाली, कुठली मोठी.
नीलव्वा म्हणाली, पुढं एक चिकटव, मागं एक,
दुकानदार फिरवून ठेवील गिऱ्हाईक बघून.
तसंच केलं.
रिकाम्या बाटल्या परत आल्या
की तेल तेवढं दोन्हीकडं लागतं.

औंदा दिवाळीआधी तिनं माग विकले,
दोन्ही, किलोच्या भावानं.
मुलगा बेंगळूरात असतो.
टेम्पोत फ्रिज चढवेपर्यंत ती आत जाऊन
माझा स्टीलचा डबा घेऊन आली,
कधी नेला होता, दोघींनाही आठवेना.
रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत गुळाचा खडा.

तळाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी,
तिच्यावर बॉलपेननं, गोल गोल अक्षरं.
मी लावत लावत वाचलं,
येणाऱ्या बसचा बोर्ड वाचावा तसं:
बाजू मनी.
बाजूचं घर.
तिच्या फळीवर इतकी वर्षं
आमचं हे नाव होतं,
डबे मिसळू नयेत म्हणून.
मनी तिचा. बाजू कुणाचा, काय की.

पट्टी काढली मी.
ठेवून काय करायचं, डब्यात नाचणीचं पीठ भरायचं होतं.
तेल लावलं, राख लावली, उन्हात ठेवला,
पण एकटीनं चहा किती वेळ पिणार,
पाच मिनिटांतच पुसून टाकला.

आता फळीवर असतो.
उचलला की खालचा पेपर
जरा वर येतो त्याच्याबरोबर,
मग सुटतो.