मंगळवारचं वजन

आमची धावपट्टी गवताची, उतरती.
खाली दरी, दरीच्या काठाला सुरूची झाडं.
मी इथला वजनवाला.
कॉफीच्या पोत्यांसाठी आणलेला काटा
मंगळवारी माणसांनाही तोलतो.

रिकामं विमान एकोणीसशे.
इंधन दोनशे. कॅप्टन वागी अडुसष्ट, बुटांसकट;
ती आधी स्वतः चढते काट्यावर, सगळ्यांदेखत.
या पट्टीवरून सत्तावीसशेच्या वर नाही.
म्हणजे आमच्या वाट्याला पाचशे बत्तीस,
तेही सकाळी नऊपर्यंत.
ऊन चढलं की हवा विरळ होते
आणि तेच विमान, तीच माणसं
पंखांना जड जातात.

लोक नाना युक्त्या करतात.
कोणी खांबाला हळूच हात टेकवतं,
कोणी श्वास रोखून धरतं,
रताळ्यांची झोळी तेवढ्यापुरती मेहुणीच्या पाठीवर,
आणि मेहुणी कुठे निघालीय? कुठेच नाही.

एकदा मीच खोटं लिहिलं.
मामा ब्याऐंशी भरला, मी बासष्ट लिहिले.
त्याला बाजार गाठायचा होता,
आणि वीस किलोंनी असं काय होतं?
विमान गवत संपेपर्यंत धावलं,
दरीत बुडालं,
आवाज तेवढा वर राहिला.
मग फार पलीकडे एक पांढरा ठिपका.
तोवर मी मोकळा काटा घट्ट धरून उभा होतो.

पुढच्या मंगळवारी वागी उतरली ती
चाकात अडकलेली सुरूची फांदी घेऊन.
ओरडली नाही. फांदी काट्यावर ठेवली.
म्हणाली, "बघ किती भरते."
काटा हललासुद्धा नाही.
"लिही."
मी शून्य लिहिलं. खाली तिने सही केली.

आज म्हातारा पुंडिया डुक्कर घेऊन आला,
सुनेच्या माहेरी द्यायचं राहिलेलं.
डुक्कर एक्केचाळीस. सगळं मिळून तेवीस जास्त.
"इंधन कमी घे की," तो म्हणाला.
वागीने खिंडीकडे बोट केलं, तिथे ढग.
"खिंड मिटली तर परत यायचंय, आजोबा."
पुंडिया डुकराकडे बघत राहिला, डुक्कर विमानाकडे.
मग दोरी माझ्या हातात देऊन
तो एकटाच चढला.
नऊला दहा कमी असताना विमान उठलं,
झाडांच्या बरंच वरून.

आता आठवडाभर डुक्कर माझ्याकडे.
रताळी खातं, झोपतं, पुन्हा खातं.
येत्या मंगळवारी ते एक्केचाळीस भरणार नाही
हे पुंडियाच्या
अजून लक्षात आलेलं नसावं.