अरे-तुरे

देवळाची किल्ली माझ्याकडे असते, तुला माहीतच आहे.
वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, बोटीतून पाद्री येतात;
उरलेले एक्कावन्न रविवार माझ्या गळ्यावर.
बापाकडून आलेलं काम हे, किल्लीसकट, पडशासकट.

तिथं मी तुला अहो-जाहो करते.
"हे सर्वसमर्थ प्रभो, आपण आम्हांवर दया करावी" –
चौदा म्हाताऱ्या, दोन कुत्री आणि एक बहिरा सुतार
माझ्यामागून म्हणतात,
आणि छपराच्या फळ्यांवर पाऊस
आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणतो.
सगळं तोंडपाठ.
तोंड म्हणत असतं,
पाठ दुसऱ्याच ओझ्यानं वाकलेली.

एलादिओ पॅटागोनियाला गेला तेव्हा
चिलोएच्या निम्म्या घरांतून पुरुष असेच जायचे,
मेंढ्यांची लोकर कातरायला,
आणि बटाटे काढायच्या वेळेला परतायचे.
दोन वर्षं पैसे आले. तिसऱ्या वर्षी
एक रिकामं पाकीट आलं. पत्ता त्याच्याच अक्षरात.
मग काहीच नाही.

मी मेणबत्त्या लावल्या.
नऊ दिवसांची प्रार्थना नऊदा केली.
नव नवे एक्क्याऐंशी.
ब्याऐंशीव्या रात्री चुलीवर किटली ओरडत होती,
मी बटाटे सोलत होते, ते आतून जांभळे निघणारे,
आणि तोंडून गेलं:
"अरे, तू आहेस तरी कुठं?"

खरं सांगू? मी ते एलादिओला विचारलं होतं.
ऐकलंस तू.

घाबरले. सुरी हातातच.
बापानं ऐकलं असतं तर थोबाड फोडलं असतं.
पण किटली उतरवली तेव्हा खोलीत
कुणी रागावलेलं नव्हतं.
जणू कुणी दारातच उभं होतं इतकी वर्षं
"यावं, बसावं" ऐकत,
आणि "ये" म्हटल्याबरोबर आत आलं,
चिखलाचे बूट न काढता.

तेव्हापासून आपलं हे असं.
शिंपले वेचताना पाणी गार लागलं की बोल तुला.
डुकरीण व्याली की आधी तुला सांगते, शेजारणीला मग.
भांडणंही झाली. ज्या वर्षी बटाट्यावर करपा पडला
तो सबंध हिवाळा मी अबोला धरला.
देवळात येत होते, अहो-जाहो चालू होतं,
घरी मात्र चकार शब्द नाही.
तूही बोलला नाहीस. पण तसा तू बोलतोस कधी?
गेलेल्या माणसाचं न बोलणं मला ठाऊक होतं.
तुझं तसं नव्हतं.
लांब करवतीचं दुसरं टोक धरून
समोर बसलेला माणूस गप्प असतो,
तसं काहीतरी.
लाकूड कापलं जात होतं.

यंदा नवा पाद्री आला. कोवळा, बोट लागलेला, हिरवा पडलेला.
कबुलीजबाबात मी म्हटलं,
मी देवाला अरे-तुरे करते, कधीमधी शिवीही जाते.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"आणि त्यांचं काय म्हणणं?"
त्यांचं!
मला हसू आवरेना. जाळीपलीकडे त्यालाही.
प्रायश्चित्त म्हणून तीनदा 'आमच्या बापा' म्हणायला सांगितलं,
आणि हळूच विचारलं, तुमची सुरुवात कशी झाली?
पाकिटाचं मी सांगितलं नाही.
ते आपल्यात.

पिठाच्या डब्यामागे आहे ते अजून.
तो जिवंत आहे का, हे आता मी रोज विचारत नाही.
आठवड्यातून एकदा.
तू विषय टाळतोस, मला दिसतं.
विसरले असं समजू नकोस.

बरं. लाकडं ओली आहेत,
डोळ्यांत पाणी आहे ते धुराचं.
उद्या ओहोटी पहाटे पाचला.
उठव मला.
मागच्या वेळी राहिलं होतं तुझं.