मागचा हात

कुर्ल्याच्या भंगारात दोन शॉकअप मिळाले,
एक तेल गळणारा.
अल्ताफमियाँ म्हणाले, जोडी आहे, तोडू नका.

गॅरेजच्या लादीवर खडूने आखलं:
इथे पिव्होट, इथून चाकापर्यंत मागचा हात,
साडेसोळा इंच.
आधीचा आखूड पडला होता;
चाक वर उचललं की बाहेर बघायचं,
वर्गात खिडकीशी बसलेल्या पोरासारखं.

स्प्रिंग ठरवायला वजन लागतं.
इंजिन, टाकी, आणि मागे बसून
"अजून मऊ कर रे" म्हणणारा वैजनाथ:
चौऱ्याहत्तर किलो, चपलांसकट.

तो मार्चमध्ये मस्कतला गेला.
त्याच्या जागी वाळूची गोणी,
काट्यावर मोजून, काथ्याने आवळलेली.

रविवारी, उजाडता उजाडता,
मानखुर्दच्या भरावावर पहिला खड्डा.
मागचं दबलं,
उठलं,
आणखी एकदा, किंचित,
मग गप्प.

वळून ओरडलो, "बघितलंस?"
गोणी एका अंगावर कलली होती,
शिवणीतून बारीक धार चालू.

घरी येऊन पुन्हा काट्यावर ठेवली.
वहीत लिहिलं: मागचं वजन, एकाहत्तर.
स्प्रिंग मात्र
चौऱ्याहत्तरचीच ठेवली.