दंडघात

कलिन्याला दर चार मिनिटांनी एक विमान
आमच्या वाक्यावरून जातं.
पिनथिप तेवढ्यापुरती थांबते, वहीवर बोट ठेवून,
आणि आवाज ओसरला की
अडलेल्या अक्षरापासून पुन्हा सुरू करते.

मी तिच्याकडे थाई शिकते, ती माझ्याकडे मराठी.
फी कुणीच देत नाही, चहाचे पैसे आळीपाळीने.
माझ्या प्रबंधाचं शीर्षक इतकं लांब आहे
की मार्गदर्शकही पहिल्या स्वल्पविरामाशी दम खातात.
विषय एवढाच:
आपल्याकडून गेलेले शब्द तिकडे कसे राहतात.
'आपल्याकडून गेलेले' असं मी पहिल्या वर्षी लिहायचे.
आता नुसतं 'राहतात' लिहिते.

तिच्या गावचा विमानतळ
लिहितात सुवर्णभूमि, म्हणतात सुवन्नफूम.
शेवटचा इकार गिळून टाकतात,
आवंढ्यासारखा.

पहिल्या दिवशी तिनं स्वतःचं नाव लिहिलं.
मी एकेक अक्षर लावत गेले: वीण. दिव्य.
म्हटलं, य कुठे गेला? तू तर थिप म्हणतेस.
तिनं यच्या डोक्यावरचं चिन्ह दाखवलं,
शेपटी फुटलेलं टिंब.
हे ज्याच्यावर बसतं ते लिहायचं, म्हणायचं नाही.
चिन्हाचं नाव मी दोनदा ऐकलं, थन-था-खात,
मग कागदावर उलगडलं:
दंडघात.
काठीचा घाव. एवढ्याशा शेपटीला.

मग ते अक्षर काढूनच का नाही टाकत?
ती म्हणाली, शाळेत आम्हीही हेच विचारायचो.
बाई पट्टी मारायच्या.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे.
बासष्ट साली नियम आला:
जो अनुस्वार ऐकू येत नाही, तो लिहायचा नाही.
नांव, गांव, पांच, कांहीं.
दिवसभर टिंबं वेचत बसले,
तांदळातले खडे वेचावेत तशी.
रात्री काळ्या बोटांनी घरी आले आणि म्हणाले,
आज दोनशे मुके घेतले.
आई आधी भडकली. नवंच लग्न होतं.
समजल्यावर हसली,
ते चाळीस वर्षं हसत राहिली.

पण दारावरच्या पाटीला त्यांनी हात लावू दिला नाही.
आडगांवकर.
गावरचं टिंब पितळेचं, वेगळं ठोकलेलं.
विजेच्या बिलावर ते नाही.
बिल अजून बाबांच्याच नावानं येतं.
छापलेलं असतं नीट, पहिलं नाव, मधलं नाव,
त्या नावानं हाक मात्र कुणी मारत नाही.

रविवारी पिनथिप जेवायला आली, मुगभाटात, तिसऱ्या मजल्यावर.
चपला काढता काढता पाटी वाचू लागली,
बोट लावून, मोठ्यानं:
आ-ड-गाम्-व-क-र.
शेवटच्या र लासुद्धा पूर्ण अ दिला.
संस्कृतातून आलेली मुलगी,
देवनागरीत काही मुकं असतं
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच.

दुरुस्त करायला मी तोंड उघडलं
आणि तो म ऐकला.
ग्राममधला. नाममधला.
किती शतकं आमच्याकडे टिंबात अंग चोरून बसलेला,
आणि मग तेही टिंब बाबांनीच,
पगारी, चिमट्यानं...
तिच्या भाषेत नाव म्हणजे अजून नाम.
तो शब्द संपताना ओठ मिटावेच लागतात.

चुकलं का? तिनं विचारलं.
हो, मी म्हटलं. चुकलं.
पुन्हा म्हण.

तिनं पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं.
समोरच्या खोपकरबाईंनी दार किलकिलं केलं.
त्यांना वाटलं,
बाबांना भेटायला कुणीतरी आलंय.