पाचवी प्रत

मार्च. कासेर्ताच्या राजवाड्यात शेगडी विझलेली.
टोकं कापलेले हातमोजे घालून एर्सिलिया
सकाळचं निवेदन टंकते,
चार कार्बन लावून.

ऱ्हाईन : पूल हाती.
ओडर : तोफा रात्रभर.
इरावती : मंडालेची वेस दिसते.
सेनिओ : गस्तीखेरीज विशेष काही नाही.

सेनिओच्या पलीकडे तिची आई.
असलीच तर तळघरात, कोंबड्यांसकट.
शेवटचं पत्र परवाच्या उन्हाळ्यातलं :
मीठ मिळत नाही, बाकी ठीक.

कप्तान म्हणतो, ‘विशेष’ कशाला? काढ तो.
ती पुन्हा पाच कागद लावते.
काही नाही.

पाचव्या प्रतीवर
नदीचं नाव उमटतच नाही धड.
ती कागद खिडकीशी धरते
आणि पेन्सिलीनं
अक्षर अक्षर गिरवत बसते.